डाव्या कोपऱ्यावर मणी नाही

मणे, तुला संघात घेतलेलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते, म्हणजे मागाहून तोंड फुगवून बसायला नको.

शोकसभा आपल्या मैदानावरच झाली. अण्णांनी खुर्च्या मांडल्या, तुझा फोटो ठेवला आणि त्याला एवढा जाड हार घातला की त्यातून तुझे डोळे आणि कपाळ तेवढं दिसत होतं. अण्णा म्हणजे आपल्या मंडळाचे अध्यक्ष. माणूस मनानं चांगला, पण माइक हातात आला की त्यांना दानशूरपणाचा झटका येतो. बोलता बोलता त्यांनी जाहीर करून टाकलं की भिंतीवरच्या संघात सातवी जागा रिकामी आहे, तिथं राजमणीताईंचं नाव लिहायचं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत हे मागाहून ध्यानात आलं आणि त्या मध्येच थांबल्या. पहिल्या रांगेत तुझी लेक स्वप्ना ओढणी तोंडाला लावून रडत होती. मी उठले आणि म्हणाले, "अण्णा, मणीचं नाव तितं येणार न्हाय."

इतकी वर्षं रेल्वेच्या ऑफिसात काढून माझी भाषा सुधारलीय असं मला वाटायचं. रागात माझं गाव, वैराग, बाहेर येतंच.

हा मजकूर मंडळ तुझ्यावर काढणार असलेल्या पुस्तिकेत जायचाय. म्हणून तुला पाठ असलेल्या गोष्टी पण इथं सांगाव्या लागतायत. गप ऐकून घे. तसंही या खेपेला तू मला मध्ये तोडणार नाहीस. हे वाक्य लिहिलं आणि रडायला आलं. असू दे, थोडं रडले आणि परत बसले.

भिंतीची कल्पना तुझीच. मैदानाला पत्र्याचं कुंपण होतं तिथं भिंत झाली आणि तू अण्णांच्या मागं लागलीस. पोरींना नट्यांची नावं पाठ, क्रिकेटवाल्यांची पाठ, पण त्या जो खेळ खेळतात त्यात आपल्या देशाकडून कोण कोण बायका खेळून गेल्या ते एकीला सांगता येत नाही, असं तुझं म्हणणं. तर भारताच्या बायकांचा आजवरचा सगळ्यात भारी कबड्डी संघ, सात जणी, ठळक अक्षरांत भिंतीवर. निवड सुमनताई, म्हणजे मी, आणि राजमणीताईंनी करायची. अण्णांना वाटलं आठवड्यात काम होईल. त्यांना काय माहीत की आपण हा संघ तरुणपणापासून निवडतोय आणि सातवीवर अजून एकमत झालेलं नाही.

सुरुवात नक्की कधी झाली ते मला आठवत नाही. मी कुर्डुवाडीला रेल्वेत लागले, तू लग्न होऊन शिवणकामाला बसलीस, त्यानंतर कधीतरी. रविवारी मी गाडीनं सोलापूरला यायचे आणि सात रस्ता चौकातून रिक्षा करून तुझ्या घरी. मागच्या खोलीत तुझ्या मशीन, शाळांचे गणवेश, संघांच्या जर्सी. जमिनीवर सगळीकडे कापडाचे तुकडे, त्यातूनच वाट काढत तू सर्वपिंडी घेऊन यायचीस, तांदळाच्या पिठात शेंगदाणे आणि मिरची घालून भांड्यातच थापलेली, तळाशी खरपूस. मी माझ्या डब्यातली शेंगाचटणी काढायची. मग तू विचारायचीस, कुठपर्यंत आलो होतो? आणि आपण जिथं मागच्या रविवारी भांडण सोडलं होतं तिथून पुढं सुरू. स्वप्ना लहान असताना दारात बसून गृहपाठ करायची आणि म्हणायची, तुमचं हे कधी संपणार? ती मोठी झाली, तिनं धंदा हातात घेतला, आपलं काही संपलं नाही.

आपले नियम तीन होते. आपल्यातल्या एकीनं तरी जिला मैदानावर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय तीच घ्यायची, टीव्हीवरची चालणार नाही. नाव खेळावरून ठेवायचं, आईबापांनी ठेवलेलं नाही. तिसरा नियम तुझा होता, आणि तो तू दर वेळी बोट उगारून सांगायचीस. मायेनं कुणाला घ्यायचं नाही. मैत्रीण, गाववाली, आपल्या भाषेची, आपल्या जातीची, देखणी, बिचारी, कुणी नाही. 'बिचारी'वर तुझा भर जास्त असायचा.

भिंतीवर आता खरी नावं आहेत. इथं मी आपलीच लिहिते, कारण खऱ्या नावांनी मला भांडता येत नाही. कर्णधार सासूबाई, जी मधोमध उभी राहून नुसत्या डोळ्यांनी सगळ्यांना कामाला लावायची. चढाईला पाहुणी. ती अशी सावकाश आत यायची की जणू चहाला आलीय, आणि निघताना दोन गडी मारून निघायची. कुलूप, तिच्या कंबरपकडीतून सुटलेली एकही बाई आपण पाहिली नाही. बाकी तिघींवरही आपण यथेच्छ भांडलो, पण मिटलं. पेंटरकडून या सहाही जणींची नावं तू समोर खुर्ची टाकून लिहून घेतलीस, तेव्हा तुझी तब्येत बिघडायला लागली होती आणि तू कुणालाच पत्ता लागू दिला नव्हता.

राहिला डावा कोपरा. ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. समोरची चढाई करणारी दम धरून आत येते, तेव्हा आपल्या रांगेच्या दोन टोकांना ज्या उभ्या असतात त्या कोपऱ्यावरच्या. बहुतेक वेळा पहिली झडप त्यांचीच. पाय धरायचा आणि बाकीच्या येईपर्यंत सोडायचा नाही. चुकली तर ती मेली, धरली तर संघ जगला. तू आयुष्यभर तिथंच खेळलीस, म्हणून त्या जागेवर तुझा जीव जरा जास्त.

तुझी होती गोचीड. बुटकी, रुंद, तोंडावर काही भाव नाही. घोटा धरला की समोरची तिला मैदानभर फरफटत नेईल, पण ती सुटायची नाही. माझी होती सिग्नल. रेल्वेची, उंच, हात असा लांब की समोरचीला वाटावं आपण अजून सुरक्षित आहोत आणि तोवर पकडली गेलेली. शिवाय वेळ पडली तर चढाईलाही जायची. मी म्हणायचे, एका जागेत दीड गडी मिळतोय तर घ्यायला काय हरकत आहे? तू म्हणायचीस, अर्धा गडी भाजीवर कोथिंबीर मिळते तसा फुकट आला तरी मला नको, कोपऱ्यावर मला एकच पुरा पाहिजे. मग तू माझ्या नोकरीवर घसरायचीस. रेल्वेच्या पोरी दिसल्या की सुमीच्या डोळ्यांवर पास बांधला जातो, हे तुझं ठरलेलं. मी तुझ्या मराठीवर घसरायचे, कारण रागात आलीस की तू पंख्याला बाई करायचीस आणि खुर्चीला बाप्या. घरी तेलुगू, बाहेर मराठी, आणि भांडण दोन्हींत. मला तुझ्या तेलुगूतल्या शिव्या कळत नाहीत अशी तुझी समजूत होती. कळायच्या, मणे.

दवाखान्यातही आपण हेच केलं. डॉक्टरांनी तुला बोलू नका सांगितलं होतं आणि तू गोचीड, गोचीड करत होतीस. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना वाटलं आपण जमिनीच्या वाटणीवरून भांडतोय, त्यांनी मध्यस्थी करायची तयारी दाखवली. तू त्यांनाही आपल्या बाजूला ओढायचा प्रयत्न केलास. मग माझं मनगट धरून म्हणालीस, "सुमे, कोपरा म्हणजे वाट बघायची जागा हाय. तुझ्या सिग्नलला वाट बघता येत न्हाय." मी म्हणाले पुढच्या रविवारी बघू. पुढचा रविवार आला तेव्हा तू नव्हतीस. लोक विचारतात, शेवटचं काय बोलणं झालं? मी सांगत नाही. शेवटचं बोलणं म्हणजे काहीतरी उदात्त असावं अशी त्यांची अपेक्षा असते.

आता त्या दिवसाचं सांगते. तू स्वतः शंभरदा हसत सांगितलंयस, आज मी सांगते.

जिल्ह्याची अंतिम मॅच, आणि त्यातून राज्याच्या संघासाठी पोरी उचलणार होते. आपण कॉलेजात होतो. मी बऱ्याच चढाया मारून शेवटी बाद होऊन बाकावर बसले होते, आणि एकेक करत सगळ्या गेल्या, मैदानात एकटी तू उरलीस. कोपऱ्यावरच्या पोरीला चढाईला जायची वेळ आली. तू गेलीस ती थेट आत, एकीला शिवलीस, वळताना दुसरीला शिवलीस, आणि मध्यरेषेवर अंग टाकलंस. दोघी मेल्या म्हणजे आपल्या दोघी जिवंत होणार. मी बाकावरून उठलेही होते.

शिट्टी वाजली. पंचानं हात आडवा केला. दम चुकला म्हणाला. त्यानं जे सांगितलं ते आम्हाला बाकावर आधी समजलंच नाही. घाबरलीस तेव्हा तुझ्या तोंडातून 'कबड्डी, कबड्डी' निघालंच नव्हतं. 'चेडुगुडू, चेडुगुडू' निघालं होतं. तुमच्या गल्लीत तुझी आजी, तुझी आई या खेळाला तेच म्हणायच्या, तूही पहिल्यांदा तेच म्हणत खेळायला शिकलीस. नियमात शब्द एकच, कबड्डी. गुण समोरच्यांना गेले. बाहेरचं पब्लिक खो खो हसत सुटलं, कुणीतरी तर पूर्ण मॅच संपेपर्यंत चेडुगुडू, चेडुगुडू ओरडत होतं. मी परत बाकावर बसले. आपण हरलो. राज्याच्या संघात माझं नाव आलं, तुझं आलं नाही, आणि त्याच संघातून मला रेल्वेची नोकरी लागली.

तू त्यावर कधी रडलीस ते मी पाहिलं नाही. तू त्याचा विनोद केलास. मैदानात शिवायला जमलं नाही म्हणून आता मशीनवर शिवते, हे तू नव्या गिऱ्हाइकालाही सांगायचीस. मंडळाच्या पोरींना शिकवायला लागलीस तेव्हा पहिले कित्येक दिवस त्यांना मैदानात पाऊल ठेवू द्यायची नाहीस. भांडी घासताना कबड्डी म्हणा, केर काढताना म्हणा, आईनं रागावलं तर मनात म्हणा. तुमच्या गल्लीतल्या आया तक्रार घेऊन यायच्या की पोरगी झोपेतही कबड्डी कबड्डी करते. तुझं समाधान व्हायचं.

शोकसभेनंतर स्वप्ना कुर्डुवाडीला माझ्या घरी आली. दुपारची वेळ, ऊन मी म्हणत होतं. तिनं पाणी घेतलं नाही, बसलीही नाही. म्हणाली, "मावशी, आईला एका शब्दापायी बाहेर बसवलं. त्याच मॅचवर तुम्हाला नोकरी लागली. आता भिंतीवर नाव लिहायला काय जातंय तुमचं?"

खरं सांगते, लागलं मला. तिचं म्हणणं खोटं कुठं होतं? नोकरी मला लागली, तुला मशीन मिळाली. भिंतीवर एक नाव, थोडा रंग, दोन तासांचं काम. अण्णा तयार, मंडळ तयार, मुलगी रडतेय, आणि मी एकटी पाय रोवून उभी. लोक काय म्हणत असतील ते मला माहीत आहे. जिवंतपणी भांडली ती भांडली, मेल्यावरही सोडत नाही.

मग मी तिला ती दुसरी मॅच सांगितली, जी तिला माहीत नव्हती. तू ती घरी सांगितली नव्हतीस.

शाळांच्या मुलींची अंतिम मॅच होती, तुझा संघ, मी बघायला आले होते. तुमच्याच गल्लीतली एक चिमुरडी चढाईला गेली आणि घाबरून तिच्या तोंडातून तेच आलं. चेडुगुडू. एकीला शिवून परतही आली. पंच तुझ्या ओळखीचा होता, तुझ्या हातच्या जर्सी त्याच्या क्लबाला जायच्या. त्यानं ऐकलं, तुझ्याकडे बघितलं, हसला आणि आपल्या बाजूनं गुण द्यायला हात वर केला. समोरच्या संघाला काही कळलंच नव्हतं. तू उठलीस, टेबलापाशी गेलीस आणि म्हणालीस, "दम चुकलाय. गुण त्यांना द्या."

आपण त्या एका गुणानं हरलो. पोरीचा बाप रस्त्यावर उभा राहून तुला तेलुगूतून वाट्टेल ते बोलला आणि तू मान खाली घालून पूर्ण ऐकून घेतलंस. ती पोरगी मैदानावर यायची बंद झाली. तू रोज संध्याकाळी तिच्या घरी जाऊन बसायचीस, ती बोलायची नाही, तू तिच्या आईशी बोलून परत यायचीस. शेवटी एक दिवस ती तुझ्या मागोमाग आली.

त्या मॅचहून परतताना रिक्षात मी तुझ्यावर चिडले होते. लहान लेकरू होतं, पंचानं सोडलं होतं, तुला काय पडलं होतं असं मी विचारलं. तू म्हणालीस, "आज हिला सोडलं, म्हणजे त्या दिवशी मला उगाच बाहेर काढलं, असं होतंय की. मग मी एवढी वर्षं गप का बसले, सांग?"

सात रस्त्याला उतरताना मी एवढं म्हणाले की तुझं बरोबर असेल, पण तू त्या पोरीवर अन्याय केलास. मला आजही तसंच वाटतं. ते भांडण आपण पुन्हा काढलंच नाही, आणि आता काढून उपयोग नाही. पण एक गोष्ट त्या रिक्षात मला कळली ती विसरले नाही. तो नियम खरा होता, सगळ्यांना सारखा होता, म्हणून तू त्याच्याखाली ताठ उभी राहू शकलीस. कुणी तुझ्यावर दया केली असती तर तू मोडली असतीस.

म्हणून मी स्वप्नाला सांगितलं, तुझी आई भारताच्या संघात बसत नाही. ती जिल्ह्याची चांगली कोपऱ्यावरची होती, त्याच्यावर नाही. आज तिला बिचारी म्हणून भिंतीवर चढवलं तर उरलेल्या सहा नावांचीही किंमत जाईल, आणि तिची पण. स्वप्नानं सगळं ऐकलं. मग पर्स उचलली आणि चपला घातल्या. दारातून म्हणाली, "आई तुमच्याबद्दल असं कधी बोलली नसती." आणि गेली. नंतर मी तिला दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही.

मणे, मला तुझ्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मी ज्या ज्या संघात खेळले, त्यात माझ्या डाव्या हाताला भारताकडून खेळलेल्या पोरी होत्या, तुझ्याहून कितीतरी सरस. तरी मी चढाई करून परत येताना डावीकडे आधी तुला शोधायचे. हे तुला कधी बोलले नाही. बोलले असते तर तू बोट उगारलं असतंस.

पुढं अण्णांनी तडजोड काढली. ठीक आहे, राजमणीताई नकोत तर निदान त्यांच्या मनातली कोपऱ्यावरची घ्या, गोचीड. त्यांची शेवटची इच्छा होती असं लिहू. सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, झालं, मिटलं. स्वतःलाच म्हणाले, सुमे, आता तरी हट्ट सोड. घरी येऊन मी भाकरी थापायला बसले आणि थापता थापताच लक्षात आलं की ही पण मायाच. तू गेलीस म्हणून तुझं ऐकायचं, म्हणजे तू बिचारी झालीस म्हणून ऐकायचं. जन्मभर तुला मी एकही सूट दिली नाही. गोचीड आत गेली असती तर ती तुझ्या वादानं गेली नसती, तुझ्या मरणानं गेली असती. हे तुला चाललं असतं का? मला तर नाही चालत.

सकाळी अण्णांना फोन करून सांगितलं की संघ निवडायचा अधिकार दोघींचा होता, एक गेली, आता उरलेलीनं निर्णय घ्यायचा. सिग्नल. अण्णा म्हणाले, ताई, तुम्ही फार कठोर आहात. मी म्हणाले, व्हय.

काल रविवारी पेंटर आले. शिडी लावली, रंग कालवला. मंडळाच्या पोरी सराव सोडून भोवती जमल्या. सातवं नाव लिहून होत आलं होतं तेवढ्यात स्वप्नाची स्कूटी आली, मागं जर्सींचं गाठोडं. ती माझ्याकडे न बघता अण्णांना गाठोडं देऊन निघाली होती. निघताना तिनं भिंतीकडे बघितलं आणि थांबली.

नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग सरळ माझ्याकडे आली. मला वाटलं आता तुझ्यावरून मोठं भांडण होणार, सगळ्यांसमोर. मी मन घट्ट केलं.

"ही? मावशी, ही?" ती म्हणाली. "हिला कोपऱ्यावर उभं करायचं म्हणजे दार उघडं ठेवून झोपायचं. हिचा हात लांब होता, बरोबर हाय, पण हात लांब असला की माणूस पुढं जातंय. त्या गोचीडीचं काय? समोरची तीन पावलं आत येईपर्यंत ती हलायची पण नाही. तुम्ही दोघी भांडायचा तेव्हा मी दारात बसून ऐकलंय सगळं, आणि तुम्ही हरत आलात की चहाचं काढायचा."

मी म्हणाले, काय बोललालीस तू, मी कधी चहाचं काढलं? पोरी हसल्या. स्वप्नानं ओढणी कमरेला बांधली, एका पोरीला पुढं उभं केलं आणि धुळीत गुडघा टेकून दाखवलं की गोचीड घोटा कसा धरायची, अंगठा आतून, खांदा पोटरीला लावून. ती पोरगी पाय सोडवायला गेली आणि आडवी झाली. मी पण गप बसणार होय? मी सिग्नलच्या चढायांचं काढलं, दीड गड्याचं काढलं. पोरींमध्ये दोन तट पडले. अण्णा मध्ये पडायला आले, त्यांना दोघींनी मिळून बाजूला बसवलं. शिडीवरून पेंटर कंटाळून आपल्या दखनीत मला म्हणाले, "बाजी, जल्दी बोलो, रंग सूखरा."

मी सांगितलं, आहे तेच राहू दे. स्वप्ना म्हणाली, "राहू दे. मी पुढच्या रविवारी येते. हे नाव पुसायला लावल्याशिवाय सोडणार नाही तुम्हाला." मी म्हणाले, ये.

मणे, एवढ्या वेळात तिनं तुला भिंतीवर घ्यायचं नाव एकदाही काढलं नाही. फक्त गोचीड, गोचीड. आणि तिचं ते घोट्याचं ऐकून मी हरत आले होते, पण कबूल केलं नाही.